डॉक्टर होसूरांचा पहिला प्रश्न

डॉक्टर, तुम्ही गेल्याची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्राला मीच पाठवली. मालवणचा बातमीदार मी असल्यामुळे ती मलाच पाठवावी लागणार होती. तुमचे वय, धारवाडजवळचे मूळ गाव, इथल्या सरकारी दवाखान्यातली नोकरी, ती सोडल्यावर बाजारामागच्या घरात चालवलेला दवाखाना, एवढे तिच्यात आले. शेवटचे वाक्य मात्र छापताना गाळले गेले. ते वाक्य असे होते : 'रोग्याला तपासण्यापूर्वी ते त्याला एक प्रश्न विचारीत.' कोणता प्रश्न, हे मी लिहिले नव्हते. त्यामुळे ते वाक्य काढणाऱ्या उपसंपादकाचे काही चुकले नाही. मीही काढले असते.

तो प्रश्न तुमच्याकडे कुठून आला, हे आपण कधी सरळ बोललो नाही. त्याच्याभोवती वाद घातला, तो मात्र इतकी वर्षे. आता मी माझी बाजू मांडली तर ती खोडून काढायला कोणी नाही. ही सोय मला नको होती.

तुम्ही मालवणात आलात तेव्हा आपले राज्य मुंबई होते आणि धारवाडही त्यातच होते. त्यामुळे जोंधळ्याची भाकरी खाणाऱ्या, मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावणाऱ्या माणसाला समुद्रकाठी नेमताना सरकारला काही वाटले नाही. देवीची टोचणी कुठवर आली याची माहिती घ्यायला मी दवाखान्यात आलो होतो. तुम्ही मला दाराबाहेरच्या बाकावर बसायला सांगितलेत. त्या बाकावरून जे दिसले, त्यावरच पुढचा सगळा वाद उभा राहिला.

तारकर्लीचे भिवा तांडेल सुनेला घेऊन आले होते. बरोबर घरचे चारपाच जण. सून रुक्मिणी सगळ्यांच्या मागे, तोंडाला पदर लावून. टेबलासमोर उभे राहून भिवांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली :

"डाक्टरांनू, आयकान घेवा. गेल्या नारळी पुनवेक आमी होडी दर्यात घातली, तेवां हिका काय एक नाय होता. मगे हिच्या माहेराक, देवबागाक, लगीन होता..."

"आजारी कोण आहे?" तुम्ही विचारलेत.

"ही. माझी सून."

"मग तिला बोलू द्या. बाकीचे बाहेर थांबा."

भिवा हलले नाहीत. त्यांना वाटले, दुसऱ्या कोणाला सांगितले. तुम्ही दाराकडे हात केलात. तेव्हा ते बाहेर आले.

तुमच्या शिक्षणाप्रमाणे तुम्ही केलेत ते बरोबरच होते. रोगी आणि वैद्य यांच्यामध्ये तिसरा माणूस नको, हे तुम्हाला शिकवले होते. तारकर्लीत आजारी माणूस स्वतःचे दुखणे स्वतः सांगत नाही. देवळात गाऱ्हाणे घालताना एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतो, बाकीचे हात जोडून प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात, दुखण्याचेही तसेच. घरातला मोठा माणूस ते लांबून, अगदी मुळापासून सांगत आणतो. आजारी माणूस गप्प बसतो. उत्तर मिळते तेही त्या मोठ्या माणसालाच. ते घरी कधी, कोणाला, किती सांगायचे, हे तो ठरवतो. ज्याला आपले दुखणे आपल्याच तोंडाने सांगावे लागते, त्याला कोणी नाही, असे तिथे समजतात.

आत तुम्ही रुक्मिणीला विचारत होता, खोकला कधीपासून, ताप येतो का, थुंकीत रक्त पडते का. ती दाराकडे पाहत होती.

बाकावर माझ्या शेजारी मसुऱ्याचा एक शेतकरी होता. त्याचे काम तुम्ही आधीच उरकले होते आणि तो तुमच्यावर खूश होता. "बरो डाक्टर आसा," तो म्हणाला. "आमचो वैद्य मेलो नाडी धरून पंचांग वाचीत ऱ्हवता. ह्यो मोजक्या बोलता."

"तुका बरो," भिवा म्हणाले. "माका भायर काढल्यान. माझी सून थंय एकटी उभी. जशी तिका मागे-फुडे कोणच नाय."

एकच डॉक्टर, एकच सकाळ, एकच बाक. मी ते ऐकले आणि टोचणीची माहिती घेऊन निघून गेलो. त्यात बातमी नव्हती.

थुंकी तपासून आल्यावर तुम्ही रुक्मिणीला पुन्हा एकटीलाच आत घेतलेत. तिला काय सांगितलेत, ते नंतर तुम्हीच मला सांगितले : "तुला क्षय झाला आहे. हा बरा होतो. आता औषध आहे. रोज सुई घ्यायला यायचं. अंथरूण वेगळं, भांडी वेगळी." तिने मान हलवली. ती परत आली नाही.

तुम्ही वाट पाहिलीत. मग एके दिवशी सुईची पेटी घेऊन माझ्याकडे आलात. "तारकर्लीला जायचं आहे. मला रस्ता माहीत नाही आणि त्यांची भाषा माहीत नाही." वायरी गावावरून वाळूतून आपण चालत गेलो. तुमच्या बुटांत वाळू शिरत होती. तुम्ही दर थोड्या वेळाने थांबून ती झटकत होता आणि प्रत्येक वेळी मला उशीर होत असल्याबद्दल माफी मागत होता.

भिवांनी आपला फार मान ठेवला. खाटेवर धुतलेले पासोडे घातले. शहाळी सोलली. तुमच्या गावी समुद्र किती लांब, पाऊस किती पडतो, हे विचारले. तुम्ही दोनतीनदा म्हणालात, "रुक्मिणी कुठे आहे?"

"माहेराक गेली. येतली आता."

तेवढ्यात मागच्या खोलीतून खोकला आला. लांब, कोरडा, दाबून धरलेला. तो सगळ्यांनी ऐकला. भिवा जाळ्यात मिळणाऱ्या बांगड्यांविषयी जरा मोठ्याने बोलू लागले.

तुम्ही पेटी मांडीवर घेऊन बसून राहिलात. शहाळे अर्धेच प्यायलात. परतताना तुम्ही म्हणालात, "मी आत शिरायला हवं होतं."

मी म्हणालो, "शिरला असतात तर ते पुन्हा मालवणच्या बाजारातसुद्धा तुमच्यासमोर आले नसते."

"ती मरेल."

"तिला सांगितलंत तेच भिवांना सांगितलं असतंत तर त्यांनी तिला रोज होडीत घालून आणलं असतं."

"रोग तिला झाला आहे, बातमीदार. भिवाला नाही."

"होडी भिवांची आहे."

यावर तुम्ही कानडीत काहीतरी म्हणालात. मी अर्थ विचारला नाही. तो आता कळणार नाही.

शिमग्याच्या आधी रुक्मिणी गेली. ज्या औषधाने ती वाचली असती, ते तुमच्या कपाटात होते. भिवांची समजूत अशी होती की डॉक्टरने पोरीला एकटी गाठून तिच्या तोंडावर मरण सांगितले, त्याच दिवशी ती मेली. पुढचे दिवस नुसते मोजायचे होते. तुमची समजूत अशी होती की तिला लपवून ठेवून मारले. आपापल्या जागेवरून तुम्ही दोघेही जे पाहिलेत तेच बोलत होता. त्याबद्दल तुम्ही दोघे एकमेकांशी कधी बोलला नाहीत.

पण तुमच्या टेबलासमोर दुसरी खुर्ची आली. पहिली रोग्याची, दुसरी बोलणाऱ्याची. कोणी लांबून सुरुवात केली की तुम्ही टाक खाली ठेवून ऐकू लागलात. लगीन, होडी, पाऊस, फाटलेले जाळे, सगळे. "यातून मला काय कळतं माहीत आहे?" एकदा तुम्ही मला म्हणालात. "रोगाविषयी काही नाही. घरात औषध कोण देणार, ते कळतं." वाईट निदान असले की तुम्ही बोलणाऱ्या माणसाला घेऊन बाहेर फणसाखाली उभे राहू लागलात. तारकर्लीहून माणसे येऊ लागली. काही वर्षांनी भिवा तांडेल स्वतः येऊ लागले. शेजाऱ्यांच्या, भाच्याच्या, कोणाच्या ना कोणाच्या वतीने त्या दुसऱ्या खुर्चीवर बसू लागले. रुक्मिणीचे नाव त्यांनी काढले नाही. तुम्हीही नाही.

पायरीवर मासळी येऊ लागली. आधी तुम्ही ती परत पाठवत होता, आणि डॉक्टर आमच्या हातचे शिवत नाही, असा बोभाटा होत होता. मग तुम्ही ती घेऊ लागलात आणि मागच्या दाराने माझ्याकडे पाठवू लागलात. एका बाईने तुम्हाला विचारले, सुरमई कशी होती? तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "मीठ थोडं जास्त झालं." सगळा दवाखाना हसला. मासळी कुठे जाते, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होते.

याच काळात भाषेप्रमाणे राज्ये झाली. तुम्हाला तुमच्या मुलखात जाता आले असते. तुम्ही नोकरी सोडलीत आणि इथेच राहिलात. का, हे मी विचारले तेव्हा तुम्ही हवेविषयी बोललात. धारवाडची हवा मालवणपेक्षा चांगली आहे, हे आपल्या दोघांनाही माहीत होते.

मला वाटले होते, मी वाद जिंकलो. तुम्ही तसे वाटू दिले नाहीत. "मी आता रोग्याशी बोलतच नाही," तुम्ही म्हणालात. "गावाशी बोलतो. सगळे सुखी आहेत. पण दुखणं अजून ज्याचं त्यालाच आहे. आणि त्याला सोडून ते सगळ्यांना माहीत आहे." मी म्हणालो, लोकांना तेच हवे आहे. तुम्ही विचारलेत, कोणत्या लोकांना?

त्याचे उत्तर मसुऱ्याहून आले. काजूच्या बागेत राबणारी विधवा बाई, सत्यभामा. तिच्या पोटात गाठ होती. तिच्याबरोबर दीर आला होता, म्हणून तुम्ही नव्या रिवाजाप्रमाणे फणसाखाली उभे राहून दिराला सांगितलेत, मिरजेला नेऊन शस्त्रक्रिया करा. दिराने तिला सांगितले, वात आहे. दोन महिन्यांनी ती एकटी एस्टीने आली, रांग मोडून आत शिरली आणि उभ्यानेच बोलू लागली. मी नेमका तिथे होतो.

"डाक्टरांनू, माझ्या पोटातली गाठ तुमी भावजीक सांगितलात? माझा पोट काय तेच्या अंगाक चिकाटला?"

"आमच्याकडे अशी पद्धत..." तुम्ही म्हणालात. आमच्याकडे, असा शब्द वापरलात.

"कोणाकडे? दर्यावयल्या लोकांकडे आसात. माका दोन पोरां आसत. मी मेलंय तर तेंका खंय ठेवचा, ह्यां माका ठरवूचा आसा. भावजीक नाय. मी काय खुळी दिसलंय तुमका?"

तुम्ही उभे राहिलात. तिला खुर्ची दिलीत आणि सगळे सांगितलेत, तिलाच, एकटीला. मी बाहेर आलो. ती मिरजेला गेली, बरी होऊन आली, आणि अजून बाजारात काजू घेऊन येते. परवा तिने मला तुमचा समाचार विचारला. मी सांगितले. तिने टोपली खाली ठेवली, मग पुन्हा उचलून गेली.

तिच्यानंतर तुमचा प्रश्न सुरू झाला. नाडीच्या आधी, नाव विचारले की लगेच : "तुझ्या आजाराविषयी मी कोणाशी बोलू?"

पहिल्या दिवसांत लोक घाबरले. असे विचारतो म्हणजे काहीतरी भयंकर आहे. पेन्शनीतल्या एका मास्तरांना तो अपमान वाटला. मी काय कुकुलं बाळ आहे, असे विचारून ते आठ दिवस दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. मग उत्तरे येऊ लागली. आवशीक सांगा, घोवाक नको, म्हणजे आईला सांगा, नवऱ्याला नको. बायलेक सोडून सगळ्यांका सांगा. माकाच सांगा, पण हळू. एक म्हातारी म्हणाली, "कोणाक नको. देवाकय नको, तो उगीच काळजी करीत ऱ्हवतलो." मच्छीमारांमध्ये एकटीलाच सांगा म्हणणाऱ्या सुना निघाल्या. शेतकऱ्यांमध्ये, मोठ्या भावाशिवाय तोंड न उघडणारे बाप्ये निघाले. तुम्ही मला म्हणालात, "तुमचा सिद्धांत गेला, बातमीदार. माझाही गेला." तेव्हा तुम्ही आनंदात होता. पण नंतर फणसाकडे पाहत म्हणालात, "तिलाही एवढंच विचारायला हवं होतं. वाक्य तर लहान आहे." कोणाला, हे तुम्ही बोलला नाहीत. मला कळले.

गेल्या पावसाळ्यानंतर तुम्हाला घास गिळताना त्रास होऊ लागला. काय आहे ते तुम्ही ओळखले होते. तरी तपासून घ्यायला हवे, म्हणून बोटी सुरू झाल्यावर आपण मुंबईला गेलो. होडीतून बोटीवर चढताना खलाशाने तुमचा दंड धरला, तेव्हा तुमचे वजन किती उतरले आहे ते मला दिसले.

मुंबईच्या इस्पितळातला मोठा सर्जन तुमच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहून शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलला. तो विद्वान माणूस होता, बोलला तेही बरोबर असेल. मग त्याने मला व्हरांड्यात बोलावले.

"नातेवाईक?"

"नाही."

"मग कोण?"

"गावचा."

एवढे त्याला पुरले. त्याने मला सांगितले. मी परत आलो तेव्हा तुम्ही खिडकीकडे पाहत होता.

"बाहेर बोलावलं ना तुम्हाला?"

"हो."

"मला विचारलं नाही त्यांनी." तुम्ही रागावला नव्हता. नोंद केल्यासारखे म्हणालात. मग म्हणालात, "सांगा."

त्याने सांगितले ते मी त्याच क्रमाने सांगितले. मधला एक वैद्यकीय शब्द माझ्याकडून चुकला, तो तुम्ही दुरुस्त केलात.

आपण परत आलो. दवाखाना बंद झाला. तरी सकाळी पायरीवर माणसे बसून असत, नुसती. एक दिवस भिवा तांडेल आले. आता तेही म्हातारे झाले आहेत, काठी टेकतात. तुमच्या खाटेजवळ त्यांनी ती दुसरी खुर्ची ओढली आणि बसले.

"डाक्टरांनू," ते म्हणाले, "तुमच्या दुखण्याचा मी कोणाक सांगू?"

इतक्या लोकांना विचारलेला प्रश्न तुम्हाला पहिल्यांदा कोणीतरी विचारत होते. तुम्ही हसलात. मग हसू थांबले. तुमचे लग्न झाले नव्हते. आईवडील केव्हाच गेले होते. तुम्ही विचार करत होता, आणि तो विचार करायला लागतो आहे हे आम्हा दोघांनाही दिसत होते.

"धाकटा भाऊ आहे धारवाडला," तुम्ही म्हणालात. "पण आता नको. मी गेल्यावर. हे बातमीदार तार करतील. तारेत काही कळत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही सांगता तसं, लांबून."

"सांगतंय."

"रुक्मिणीचं गाळायचं नाही."

भिवा उठले. दारापर्यंत गेले. पाठमोरेच म्हणाले, "तां माझ्याच्यान जावचा नाय."

"मग बाकीचंही नको सांगू."

तुम्ही त्यांना कधी अरेतुरे केले नव्हते. त्या दिवशी केलेत. भिवा परत येऊन खुर्चीवर बसले. मी चहा सांगण्याच्या निमित्ताने बाहेर आलो.

तुमचे भाऊ आंबोलीच्या घाटाने आले तेव्हा सगळे उरकले होते. तुमच्यासारखेच उंच, तुमच्यासारखेच अवघडलेले. त्यांना मराठीचे चार शब्द येतात. दुपारी त्यांना ओसरीवर बसवले. भिवांनी ती खुर्ची बाहेर आणायला लावली. पायऱ्यांवर तारकर्लीची माणसे होती, सत्यभामेच्या गावचीही दोघे होती. भिवांनी घसा साफ केला.

"आयकान घेवा. धारवाडचो एक डाक्टर एस्टीतून हय उतारलो. तेच्या नाकाक रुमाल होतो."

"व्हय," माणसे म्हणाली.

"आमची भाशा तेका येय नाय. तेची आमका येय नाय."

"व्हय."

ते सांगत गेले. टोचणी, फणस, मीठ जास्त झालेली सुरमई. माणसे हसलीसुद्धा. तुमच्या भावाला त्यातला एकही शब्द कळत नव्हता. ते हात जोडल्यासारखे धरून, भिवांच्या तोंडाकडे पाहत बसले होते. प्रत्येक वाक्यानंतर सगळे काय म्हणतात, तेवढे त्यांनी ऐकून ठेवले होते.

मग भिवा थांबले. काठी दोन्ही हातांनी धरली.

"माझ्या सुनेक खोक होतो," ते म्हणाले. "तेंनी माका भायर काढल्यानी. मी तेंका आत घेवक नाय. आमच्या दोघांच्या मदी माझी सून गेली."

कोणी 'व्हय' म्हणाले नाही. पायऱ्यांवरचे सगळे खाली पाहत होते. ही गोष्ट तारकर्लीत इतकी वर्षे कोणी मोठ्याने बोलले नव्हते. भिवा वाट पाहत होते. वाक्याला कोणी होकार दिल्याशिवाय पुढचे वाक्य घेता येत नाही.

"व्हय," तुमचे भाऊ म्हणाले.

त्यांचा उच्चार तुमच्यासारखाच होता, थोडा जड. पायऱ्यांवरून मग एकेक आवाज आला. भिवांनी डोळे पुसले आणि पुढे सांगू लागले.

डॉक्टर, आपला वाद संपलेला नाही. दुखणे ज्याचे त्याचेच असते, हे तुमचे म्हणणे मला अजून खोडता आलेले नाही. शेवटचे काही दिवस तुम्ही भिंतीकडे तोंड करून होता, आणि तिथे आमच्यापैकी कोणीही येऊ शकत नव्हते. एवढेच कळवतो की संध्याकाळी एस्टीच्या थांब्यावर तुमच्या भावाने मला इंग्रजीत विचारले, माझ्या भावाला इथे कोणी होते का?

मी म्हणालो, दुपारभर तुम्ही ज्यांचे ऐकलेत, ते सगळे त्यांचेच.